चाळिशीचे म्हातारे!

संगणकाच्या धंद्यात चाळिशी म्हणजे म्हातारपण, हे कोणी ठरविले? आमच्या खारीतून भाईंदर स्टेशन गाठून मुलाखतीस जाणाऱ्या प्रौढ गृहस्थाला ज्ञानाआधी जन्मसाल विचारतात! कारण काय, तर म्हणे या वयात नवे शिकवत नाही.

मग फकीरचंद कोहलींचे काय? वीज कंपनीतील हे गृहस्थ १९६९ साली टाटा कन्सल्टन्सीत आले, ते ४५व्या वर्षी! पुढे सत्तरी उलटल्यावर त्यांनी प्रौढ साक्षरतेच्या कामाला संगणक जुंपला.

अमेरिकेने १९६७ सालीच चाळिशीपुढच्या नोकरदारांना कायद्याचे कवच दिले. आमच्या घटनेचे सोळावे कलम सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग यांवरून भेद करू देत नाही. वयाचे नाव तेथे नाही. खाजगी मालकाला तर मोकळे रानच! मी म्हणतो, परीक्षा घ्या, नापास करा; पण जन्मसालावरून दार लावू नका. तसा कायदा हवा.