रिकाम्या हातांची विद्या

मुचकुंदी नदीच्या मुखाशी पूर्णगडचा छोटेखानी किल्ला उभा आहे. त्याच्या तटावर गेले, की मुलांच्या मनात दांडपट्टा फिरू लागतो. तो अवश्य शिकावा. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात तो आजही पाहावयास मिळतो. परंतु शाळेच्या वाटेवर पट्टा घेऊन कोण जातो? अंगावर कोणी धावून आले, तर रिकामे हातच कामी येतात. म्हणून स्वसंरक्षणासाठी ज्युदोसारखी विद्या अधिक उपयोगी. जपानात जिगोरो कानो यांनी ती १८८२ साली सुरू केली. तीत प्रथम इजा न होता पडावयास शिकवितात. हनुवटी छातीशी घ्यावयाची, डोके सांभाळावयाचे. सरावात जोडीदार पकड खरोखर आवळतो. त्यामुळे ती सोडविणे अंगवळणी पडते. हवेत हात फिरवून हे साधत नाही. पकड सुटताच मात्र लढत बसू नये. माणसे असतील तिकडे धावावे.