बोलणाऱ्याने आधी नाव सांगावे

रात्रीच्या वेळी दारावर थाप पडली, म्हणजे घरातील वडीलधारे माणूस आतूनच विचारते, "कोण आहे?" बाहेरून नुसते "मी" असे उत्तर आले, तर कडी काढली जात नाही. आलेल्या माणसाने आपले नाव सांगावे, गाव सांगावे, मगच दार उघडते. जो डोळ्यांना दिसत नाही, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा, तर त्याने प्रथम आपली ओळख दिली पाहिजे, हा आपल्या घराघरांतील जुना शिरस्ता आहे.

गावाचाही शिरस्ता हाच होता. पूर्वी बीड जिल्ह्यातील वडवणीसारख्या गावात एखादा हुकूम सर्वांना कळवावयाचा असला, म्हणजे दवंडी पिटली जाई. आधी हलगी वाजे, मग "ऐका हो ऐका" अशी हाक येई आणि हुकूम कोणाचा आहे ते सांगितले जाई. हुकूम काय आहे, हे त्यानंतर. लोकांचे लक्ष वेधणे आणि बोलण्यामागे कोण उभे आहे हे सांगणे, ही दोन कामे दवंडीचे पहिलेच वाक्य करीत असे.

नभोवाणी आली तेव्हा हा शिरस्ता अधिकच महत्त्वाचा ठरला. दवंडी देणारा निदान चौकात उभा असलेला दिसे. नभोवाणीवर बोलणारा शेकडो मैल दूर, बंद खोलीत बसलेला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. पुढे हे काम सरकारकडे आले आणि ८ जून १९३६ पासून त्या संस्थेला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. 'आकाशवाणी' हे नाव मात्र म्हैसूरचे. तेथील प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या खाजगी केंद्राला ते दिले होते. स्वातंत्र्यानंतर साऱ्या देशाच्या नभोवाणीने ते स्वीकारले.

नाव जुने, परंतु रीत नवी. पुराणातील आकाशवाणी कंसाच्या कानी पडली, तेव्हा ती कोणाची वाणी आहे हे तिने सांगितले नाही. आजची आकाशवाणी तसे करीत नाही. ती प्रत्येक वेळी प्रथम स्वतःचे नाव घेते आणि मगच बोलू लागते.

महाराष्ट्रातील असंख्य घरांत अनेक वर्षे एक वाक्य ऐकू येत असे: "आकाशवाणी पुणे. सुधा नरवणे आपल्याला प्रादेशिक बातम्या देत आहे." चुलीवर चहाचे आधण असे, कोणी शाळेच्या तयारीत, कोणी शेताच्या वाटेवर, पण हे वाक्य कानी पडले, की घड्याळ न पाहताही वेळ कळे. वाक्य साधे आहे. त्यात अलंकार नाही, उपमा नाही. तरी ते हजारो माणसांच्या स्मरणात राहिले. असे का व्हावे?

त्यातील एकेक शब्द तपासून पाहावा. 'आकाशवाणी' हे संस्थेचे नाव. 'पुणे' हे ठिकाण. 'सुधा नरवणे' हे वाचणाऱ्या व्यक्तीचे नाव. 'प्रादेशिक बातम्या' हा विषय. कोण, कोठून आणि काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका श्वासात मिळतात. त्याहून सुंदर गोष्ट पुढेच आहे. ऐकणाऱ्याला 'आपल्याला' असा आदराचा शब्द वापरला आहे. स्वतःसाठी मात्र 'देत आहेत' नव्हे, तर 'देत आहे' असे साधे क्रियापद. मोठेपण श्रोत्याकडे, साधेपणा स्वतःकडे. मराठीत आदर कसा द्यावा आणि स्वतःविषयी कसे बोलावे, याचा संपूर्ण धडा या एका अनुस्वार नसलेल्या, अलंकार नसलेल्या क्रियापदात सामावला आहे. शिवाय वाक्यात 'मी' हा शब्द कोठेच नाही. नाव आहे ते मिरविण्यासाठी नव्हे, तर जबाबदारी घेण्यासाठी.

३० जून १९७४ रोजी आकाशवाणीवर संस्कृत बातम्या सुरू झाल्या. "इयम् आकाशवाणी। सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्।" असा त्यांचा आरंभ. 'ही आकाशवाणी आहे. आता बातम्या ऐकाव्यात,' इतकाच त्याचा अर्थ. त्यानंतर "प्रवाचकः" म्हणून वाचणाऱ्याचे नाव येई. ज्यांना संस्कृतचे एकही रूप येत नव्हते, त्यांनाही हे शब्द तोंडपाठ होते. रोज तेच शब्द, त्याच क्रमाने, त्याच गंभीर स्वरात आले, म्हणून ते मनात घर करून राहिले.

करमणुकीच्या कार्यक्रमांचा आरंभ निराळा असे, आणि तो तसाच असावा. रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये 'बिनाका गीतमाला' हा हिंदी गीतांचा कार्यक्रम सुरू झाला. निवेदक होते मुंबईचे अमीन सयानी. "बहनों और भाइयों" हे त्यांचे संबोधन देशभर गाजले. सभांमधून "भाइयों और बहनों" म्हणण्याची पद्धत होती. सयानी यांनी बहिणींना पहिला मान दिला. दोनच शब्दांची अदलाबदल, परंतु घरात काम करता करता रेडिओ ऐकणाऱ्या बायाबापड्यांना तो आवाज आपला वाटला. २०२४ मध्ये सयानी निवर्तले, तेव्हाही लोकांना प्रथम आठवले ते हेच संबोधन. बातमीच्या पहिल्या वाक्याने विश्वास मिळवावा आणि करमणुकीच्या पहिल्या वाक्याने जिव्हाळा जोडावा, असा हा भेद आहे.

परंतु आपल्या देशातील नभोवाणीचे सर्वांत धैर्याचे पहिले वाक्य कोणत्याही सरकारी केंद्रावरून उच्चारलेले नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच पुढाऱ्यांना अटक झाली आणि वृत्तपत्रांची मुस्कटदाबी सुरू झाली. अशा वेळी उषा मेहता ही बावीस वर्षांची तरुणी आणि तिचे सहकारी यांनी मुंबईतच एक गुप्त नभोवाणी केंद्र उभारले. त्याचा आरंभ असा होई: "हा काँग्रेस रेडिओ. ४२.३४ मीटरवरून, भारतातील कोठून तरी बोलत आहे."

'कोठून तरी' या दोन शब्दांत केवढे साहस साठवले आहे! पोलिस त्या केंद्राच्या मागावर होते, म्हणून जागा वरचेवर बदलावी लागे. ठिकाण सांगणे शक्यच नव्हते. तरीही संस्थेचे नाव त्यांनी दडविले नाही आणि श्रोत्यांनी पुन्हा कोठे ऐकावे, तो लहरींचा आकडाही दडविला नाही. ठिकाण लपविले, पण ते लपवीत आहोत हेही स्पष्ट सांगूनच लपविले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी उषा मेहतांना अटक झाली. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या १९४६ मध्ये सुटल्या. आपल्या शब्दांची किंमत मोजावयास जो तयार असतो, त्याचेच पहिले वाक्य लोकांच्या स्मरणात राहते.

त्याच महायुद्धात इंग्लंडमध्येही एक लक्षात घेण्याजोगा बदल झाला. तोवर बी.बी.सी.चे वृत्तनिवेदक आपले नाव सांगत नसत. १९४० मध्ये जर्मन स्वारीचे सावट पडले. शत्रूने केंद्र ताब्यात घेऊन खोट्या बातम्या दिल्या तर काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. तेव्हापासून निवेदक बातम्यांच्या आरंभी आपले नाव सांगू लागले. लोकांनी खरा आवाज ओळखावा आणि खोट्याला बळी पडू नये, हा त्यामागील हेतू होता.

पहिले वाक्य ऐकलेच नाही, तर काय होते? ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत ऑर्सन वेल्स यांनी एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीवरील नभोनाट्य सादर केले. मंगळावरून स्वारी झाल्याची ती कथा बातम्यांच्या रूपात सांगितली होती. हे नाटक आहे, असे आरंभी सांगितलेही होते. परंतु ज्यांनी रेडिओ उशिरा लावला, त्यांच्यापैकी काहींना ते सारे खरे वाटले आणि ते घाबरून गेले. पुढे वृत्तपत्रांनी त्या घबराटीचे वर्णन बरेच फुगवून केले, हे खरे. तरी आरंभ चुकला की अर्थ चुकतो, ही गोष्ट त्यातून कळतेच.

वडवणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या फौजेने लढाई थांबविली आणि त्याच महिन्यात खुद्द निजामाने नभोवाणीवरून प्रजेला उद्देशून भाषण केले. एरवी ज्याचे फर्मान दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येई, तो राज्यकर्ता स्वतः बोलला. कालखंड पालटला आहे, हे पटवून देण्यासाठी कोण बोलत आहे हेही कळावे लागते.

यावर कोणी म्हणेल, "नाव सांगितले म्हणजे बोलणे खरे ठरते काय?" प्रश्न योग्य आहे. नाव सांगणाराही चुकू शकतो. क्वचित खोटेही बोलतो. युद्धकाळात खोटा प्रचार करणारी केंद्रेही आपले नाव घेतच होती. नाव हा सत्याचा पुरावा नव्हे. परंतु नाव असेल, तर जाब विचारता येतो. चूक झाली, तर ती कोणाची हे कळते आणि पुढच्या वेळी त्याचे बोलणे पारखून घेता येते. निनावी बोलण्याला मात्र ना जाब विचारता येतो, ना त्याची पारख करता येते.

आज रेडिओची जागा बऱ्याच घरांत भ्रमणध्वनीने घेतली आहे. त्यावर दिवसभर निरोप येत राहतात; मात्र त्यांतील कित्येकांना पहिले वाक्यच नसते. कोणी लिहिले, कोठून लिहिले, केव्हा लिहिले, काही कळत नाही. वडवणी तालुक्यातील कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला परमुलखात जातात. मुले आजी-आजोबांजवळ राहतात. अशा घरी 'मजुरांच्या गाडीला अपघात' एवढाच निनावी निरोप आला, तर त्या म्हाताऱ्या जिवांची काय अवस्था होईल? अपघात कदाचित दोन वर्षांपूर्वीचा असेल, कदाचित दुसऱ्याच राज्यातील असेल; पण घरात त्या रात्री चूल पेटणार नाही.

याहून भयंकर गोष्टही घडली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या समाजातील ती गरीब माणसे होती. अशा अफवा त्या काळात भ्रमणध्वनीवरून हातोहात पसरत होत्या. "हे कोण सांगत आहे?" एवढा प्रश्न वेळेवर विचारला गेला असता, तर कदाचित पाच जीव वाचले असते.

म्हणून ही सवय शाळेतच लागली पाहिजे. परिपाठाच्या वेळी बातम्या वाचणाऱ्या विद्यार्थ्याने एकदम "आजच्या ठळक बातम्या" असे म्हणू नये. प्रथम आपले नाव व इयत्ता सांगावी, मग बातम्या कोणत्या वर्तमानपत्रातून आणि कोणत्या तारखेच्या घेतल्या ते सांगावे. या कामाला अर्धे मिनिटही लागत नाही. वक्तृत्व स्पर्धेत शब्दांचे मनोरे रचून आरंभ करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे, की टाळ्या मिळविणे हे पहिल्या वाक्याचे काम नसून विश्वास मिळविणे हे आहे. आणि हाती आलेला निरोप पुढे धाडण्यापूर्वी प्रत्येक मुलाने व मुलीने, दाराआडच्या वडीलधाऱ्या माणसाप्रमाणे, एकदा अवश्य विचारावे, "कोण आहे?" उत्तर आले नाही, तर कडी काढू नये.