फुकटच्या ताटाची किंमत

ठाण्याच्या मामलेदार कचेरीजवळची मिसळ, ठाणे स्टेशनाबाहेरचा कुंजविहारचा वडापाव, कल्याणचा खिडकीवडा ही नावे कोणा जाहिरात कंपनीने रूढ केलेली नाहीत. कचेरीत खेटे घालणारे पक्षकार, सकाळची लोकल गाठणारे कारकून आणि महाविद्यालयातली पोरे यांनी ती तोंडोतोंडी गावभर केली. घराच्या खिडकीतून वडा विकला जाई म्हणून तो खिडकीवडा. नावामागचा इतिहास एवढाच. या कीर्तीला एक साधा पण भक्कम आधार होता. शिफारस करणारा माणूस स्वतःच्या खिशातले पैसे मोजून खाऊन आलेला असे, आणि ज्याला तो शिफारस करी त्याला उद्या त्याच फलाटावर तोंड दाखवायचे असे. त्यामुळे वडा शिळा निघाला तर तो शिळा आहे हे सांगण्यात त्याचे काहीच बिघडत नव्हते.

गेल्या दहापंधरा वर्षांत शिफारशीचे हे काम हळूहळू एका नव्या व्यवसायाच्या हाती गेले आहे. ठाण्याच्या घोडबंदर मार्गावर वा राम मारुती रोडवर, डोंबिवलीच्या फडके रोडवर वा मानपाडा रोडवर नवे उपाहारगृह उघडले की मालकाच्या भ्रमणध्वनीवर संदेश येऊ लागतात. आपले इतके हजार अनुयायी आहेत, आपण चौघेजण जेवायला येऊ, बिल लावू नये, त्याबदल्यात मिनिटभराची चित्रफीत प्रसिद्ध करू, असा त्यांचा आशय असतो. कोणी जेवणावर वर मानधनाचा दरही कळवतो. नकार दिल्यास काय होईल ते संदेशात लिहिलेले नसते. ते लिहावे लागतही नाही. सगळेच खाद्यब्लॉगर असे वागतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्वतःचे बिल स्वतः भरून, आवडले ते आवडले आणि न आवडले ते न आवडले म्हणून सांगणारे तरुणही त्यांत आहेत. प्रश्न व्यक्तींच्या सचोटीचा नाही. ज्या व्यवस्थेत स्तुतीला जेवण मिळते आणि टीकेला काहीच मिळत नाही, त्या व्यवस्थेत कालांतराने कोणता माल बाजारात उरेल, हा खरा प्रश्न आहे.

या नव्या माध्यमाची जमेची बाजू नाकारण्याचे कारण नाही. पूर्वी वृत्तपत्रांतून उपाहारगृहांची परीक्षणे येत ती बहुधा इंग्रजीत आणि दक्षिण मुंबईतल्या महागड्या हॉटेलांची. मुलुंडचा नाका ओलांडून ती लेखणी क्वचितच पुढे सरकली असेल. डोंबिवलीत संध्याकाळी गाडीतून उतरणारी नोकरदार स्त्री वाटेवरच्या पोळीभाजी केंद्रातून चार पोळ्या घेऊन घरी जाते. त्या केंद्राची चव कोणा समीक्षकाने कधी नोंदवली नव्हती. घरगुती डबे देणाऱ्या किंवा हातगाडीवर झुणका-भाकर विकणाऱ्या बाईला वर्तमानपत्रातली चौकट परवडणारी नव्हती. एखाद्या मुलाने हौसेने तिची चित्रफीत काढली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे रांग लागली, तर त्याचा आनंदच मानला पाहिजे. पण टीकेचे आणि कौतुकाचे हत्यार सामान्यांच्या हाती आले म्हणून ज्याचे स्वागत केले, तेच हत्यार भाड्याने मिळू लागले, तर त्याचा पहिला घाव त्याच बाईवर बसतो हेही विसरता कामा नये.

तो कसा बसतो हे पाहण्यासाठी साधा हिशेब पुरेसा आहे. समजा, एका खानावळीत थाळीचा दर १२० रुपये आहे, आणि जिन्नस, गॅस, भाडे व मजुरी धरून तिचा खर्च १०० रुपये येतो. चौघांना फुकट जेवू घातले तर मालकाचे ४०० रुपये गेले. दर थाळीमागे २० रुपये सुटतात. म्हणजे ही तूट भरून काढण्यासाठी आणखी वीस थाळ्या विकल्या पाहिजेत. आठवड्याला असे तीन पाहुणे आले तर साठ थाळ्यांची कमाई त्यांच्या पायी गेली. मोठ्या साखळी उपाहारगृहाला हा खर्च जाहिरातीच्या खात्यात टाकता येतो. लहान खानावळवालीला तो तीनच ठिकाणांहून वसूल करता येतो: पुढच्या गिऱ्हाइकाच्या वाटीतून, भांडी घासणाऱ्या पोराच्या पगारातून, नाहीतर स्वतःच्या मुलांच्या तोंडातून. अर्थशास्त्रात फुकट जेवण नावाची वस्तू नसते. जेवणारा पैसे देत नाही याचा अर्थ ते दुसरा कोणी तरी देत असतो, इतकाच. जी गोष्ट अनेक सुशिक्षितांना पटत नाही ती प्राप्तिकर खात्याला केव्हाच उमगली आहे. १ जुलै २०२२ पासून प्राप्तिकर कायद्यात १९४ आर हे कलम अमलात आले, आणि व्यवसायाच्या निमित्ताने वर्षाला वीस हजार रुपयांहून अधिक किमतीचा वस्तुरूप लाभ मिळाल्यास त्यावर उद्गम कर कापण्याचे बंधन आले. खात्याच्या परिपत्रकात समाजमाध्यमांवरच्या प्रचारकांचा उल्लेख आवर्जून केलेला आहे. सरकारच्या लेखी जे उत्पन्न आहे, त्याला प्रेक्षकांपुढे पाहुणचार म्हणणे ही फसवणूक होय.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्या कामाबद्दल पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मोटार चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक मोटारीकडे संशयाने पाहून कमीच भाव देतो, आणि त्या भावात चांगली मोटार विकणे न परवडल्याने चांगला विक्रेता बाजारातून निघून जातो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ होता. खाद्यपदार्थांच्या बाबतीत हेच घडते. ताजे तेल वापरणारा आणि तेच तेल चार दिवस तापवणारा यांच्यातला फरक काउंटरच्या अलीकडून दिसत नाही. तो दाखवून देणारी विश्वासार्ह टीका हीच प्रामाणिक व्यावसायिकाची खरी ठेव असते. पडद्यावर प्रत्येकच मिसळ 'एक नंबर' ठरू लागली की त्या शब्दाला मोल उरत नाही, आणि ताज्या तेलाचा जादा खर्च सोसणारा वेडा ठरतो.

परीक्षकाने स्वतःचे बिल स्वतः भरावे हा काही नवा सोवळेपणा नव्हे. फ्रान्समधल्या मिशेलिन मार्गदर्शिकेचे निरीक्षक आपली ओळख लपवून जातात आणि जेवणाचे पैसे संस्था भरते. अमेरिकेत १९५७ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या खाद्यविभागाची सूत्रे क्रेग क्लेबोर्न यांच्याकडे आली. बिल वृत्तपत्राने भरायचे आणि एका भेटीवर निकाल द्यायचा नाही, हा दंडक त्यांच्या काळात रुजला. अर्थात, या तरुणांपुढे पत्रकारितेचा आदर्श ठेवताना आपल्याकडच्या पत्रकारितेने थोडे आत्मपरीक्षण केलेले बरे. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचे प्रकरण पी. साईनाथ यांनी उघडकीस आणले, आणि २०१० साली प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर अहवाल दिला. ज्या धंद्यात बड्या वृत्तपत्रांनी उमेदवाराची आरती बातमी म्हणून विकली, त्या धंद्याचा धडा वीस वर्षांच्या पोराने थाळीपुरता गिरवला, तर सगळा दोष त्या पोराच्या माथी मारून चालणार नाही.

नियम नाहीत अशातला भाग नाही. जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये, मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. शिफारस करणारा आणि विक्रेता यांच्यात पैशाचा वा वस्तूचा व्यवहार झाला असेल तर तो उघड सांगितला पाहिजे, असे ती बजावतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दिल्लीतल्या प्राधिकरणाची नजर डोंबिवलीच्या पावभाजीपर्यंत पोहोचेल अशी अपेक्षा कोणी करीत नाही. शिवाय चित्रफितीच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत उमटून जाणारा एखादा शब्द म्हणजे कबुली नव्हे. मराठीत बोलून मराठी माणसाला जेवायला बोलावणाऱ्याने 'हे जेवण मला फुकट मिळाले आहे' हे वाक्यही मराठीतच, आरंभीच आणि मोठ्याने उच्चारले पाहिजे. ते उच्चारल्यावरही जे कौतुक ऐकण्यासारखे उरेल, ते खरे.

परंतु विकाऊ कौतुकाला आळा घालताना प्रामाणिक टीकेचा गळा घोटला जाणार नाही, याची काळजी घेणे त्याहून अगत्याचे आहे. ही भीती काल्पनिक नाही, हे ठाणे जिल्ह्याने तरी विसरू नये. नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघर ठाणे जिल्ह्यात असताना, बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर दोन ओळी लिहिणाऱ्या एका तरुणीला आणि त्या ओळींना पसंती देणाऱ्या तिच्या मैत्रिणीला पोलिसांनी अटक केली. एकीच्या काकांच्या रुग्णालयाची जमावाने मोडतोड केली. त्या प्रसंगाने अस्वस्थ होऊन कायद्याच्या एका विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम घटनाबाह्य ठरले. कलम गेले, वृत्ती गेली नाही. आज तिच्या दिमतीला वकिलाची नोटीस असते. २०२३ च्या एप्रिलमध्ये एका तरुणाने बोर्नव्हिटामधल्या साखरेच्या प्रमाणावर चित्रफीत केली. कंपनीच्या कायदेशीर नोटिशीनंतर ती त्याला मागे घ्यावी लागली. एका वर्षाच्या आत केंद्र सरकारनेच विक्री संकेतस्थळांना सांगितले की अशी पेये 'आरोग्यपेये' या सदरात दाखवू नयेत. नोटीस मात्र टीका करणाऱ्यालाच मिळाली होती.

म्हणून टीकेचे माप लावताना टीका करणारा कोण आणि सोसणारा कोण, हे पाहणे भाग आहे. स्वतःचे पैसे मोजून जेवलेल्या गिऱ्हाइकाने भाजीत झुरळ निघाले असे लिहिले, तर तो त्याचा हक्क आहे. लोकहितासाठी सद्भावनेने दिलेला इशारा हा अब्रुनुकसानीच्या कायद्यानेही अपवाद मानलेला आहे. उलट फुकट जेवण नाकारले म्हणून हातगाडीवालीच्या अन्नाला नावे ठेवणे ही टीका नसून खंडणी आहे. कंपनीकडे वकील असतो, हातगाडीवालीकडे नसतो. आणि विक्रेत्याची जात, धर्म वा प्रांत काढून त्याच्या अन्नाची चर्चा सुरू झाली, की ती चर्चा चवीची राहत नाही.

या साऱ्या गदारोळात एक गोष्ट कोणत्याच चित्रफितीत दिसत नाही, ती म्हणजे स्वयंपाकघर. कॅमेरा वितळणाऱ्या लोण्यावर स्थिरावतो. भट्टीपुढे दहा-बारा तास उभा राहणारा कामगार, त्याची राहण्याची जागा, त्याचा पगार आणि पिंपातले पाणी त्याला दिसत नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापना नोंदणीच्या सक्तीतून मोकळ्या केल्या, आणि लहान खानावळींतला कामगार सरकारच्याही नजरेआड झाला. पाहुण्याला फुकट जेवू घालणे मालकाला परवडते, पण किमान वेतन परवडत नाही, हे ऐकून घेण्याचे कारण नाही.

मग करावे काय? पहिले उत्तर शासनाकडे आहे. इंग्लंडच्या शेजारच्या वेल्समध्ये २०१३ पासून प्रत्येक उपाहारगृहाला स्वच्छतेच्या सरकारी तपासणीत मिळालेले गुण दारावर लावावे लागतात. न्यूयॉर्क शहरात २०१० पासून तशीच अक्षरश्रेणी दर्शनी लावतात. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची स्वच्छता मानांकनाची योजना आहे, पण ती ऐच्छिक राहिली. ती सक्तीची करावी, अन्न व औषध प्रशासनाला पुरेसे निरीक्षक द्यावेत, आणि ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिकांनी हातगाड्यांना शुद्ध पाण्याचा नळ पुरवूनच त्यांच्याकडून स्वच्छतेची अपेक्षा करावी. दारावर सरकारी गुण असले की कोपऱ्यातल्या विकत घेतलेल्या टाळ्यांचे महत्त्व आपोआप कमी होते.

दुसरे उत्तर गिऱ्हाइकांच्या संघटनेत आहे. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने हजारो गृहिणींना हाती लाटणे देऊन रस्त्यावर आणले. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि वाण्याच्या दुकानातला माल एकत्र पारखून घेण्याची सवय मध्यमवर्गीय कुटुंबांना लागली. त्या स्त्रियांना कोणी अनुयायी मोजून बोलावले नव्हते आणि कोणाच्या घरचे जेवण त्यांनी फुकट खाल्ले नव्हते. तेल महाग आहे, डाळीत खडे आहेत, हे त्या स्वतःच्या पिशवीकडे बोट दाखवून सांगत होत्या. म्हणूनच त्यांच्या शब्दाची मंत्रालयाला दखल घ्यावी लागली. भ्रमणध्वनी हाती असलेल्या आजच्या पिढीला आवाजाची तोटा नाही. तिने फक्त जेवून झाल्यावर बिल मागवण्याची सवय ठेवावी.