पोटावरचे वण राहू द्या, थकवा मात्र अंगावर काढू नका

लग्नकार्यात, हळदीकुंकवाला, नाहीतर सोसायटीच्या गणपतीत दोन वर्षांनी भेटलेली मावशी पहिलं वाक्य काय बोलते? "किती सुटलीस गं!" किंवा "अगदीच वाळलीस, खातेस की नाही?" तुम्ही कशा आहात ही चौकशी त्यानंतर. आपणही "हो ना, काही केल्या कमीच होत नाही" म्हणून हसून घेतो आणि घरी आल्यावर आरशासमोर उभ्या राहतो. आई झालेल्या बहुतेक जणींना आपलं लग्नाच्या वेळचं वजन आणि आजचं वजन तोंडपाठ असतं. त्याच बाईला हिमोग्लोबिन किती आहे ते विचारा. "धाकट्याच्या वेळी केलं होतं बहुतेक," एवढंच उत्तर मिळतं, आणि धाकटा तोवर चौथीत गेलेला असतो.

म्हणून सगळ्या आयांना एकच सांगणं आहे. आपण ज्याची लाज बाळगतो त्यातलं बरंचसं निरोगी आहे आणि जे निमूट सोसतो त्यातलं बरंचसं दुखणं आहे. पहिलं राहू द्या. दुसरं डॉक्टरांना दाखवा.

राहू द्यायच्या गोष्टी

एरवी साठ-सत्तर ग्रॅम वजनाची गर्भपिशवी नऊ महिन्यांत जवळपास एक किलोची होते. अंगातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं. पोटाचे उभे स्नायू मधून फाकतात, बरगड्या रुंदावतात, कमरेचे सांधे सैल होतात. बाळंतपणानंतर गर्भपिशवी मूळ आकाराला यायलाच सहा आठवडे लागतात, बाकीच्या अंगाला त्याहून पुष्कळ जास्त. तरीही सव्वा महिना झाला की आपण 'अजून पोट का दिसतंय' म्हणून काळजीत पडतो.

पोटावरचे आणि मांड्यांवरचे वण तेलाने किंवा महागड्या क्रीमने पुसले जात नाहीत. सुरुवातीचा लाल-जांभळा रंग काही महिन्यांत, फार तर वर्ष-दोन वर्षांत फिका पडतो आणि पांढुरक्या रेघा उरतात. सिझेरियनच्या टाक्यांवर कातडीची घडी राहू शकते. स्तनांचा आकार बदलतो. तो दूध पाजल्यामुळे बदलत नाही, गरोदरपणामुळे बदलतो, तेव्हा त्या भीतीने बाळाचं दूध तोडू नका. काही जणींचं पाऊलही थोडं मोठं होतं. बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की केसांचे पुंजके हातात येतात. गरोदरपणात गळायचे राहिलेले केस तेव्हा एकदम गळतात आणि बहुतेकींचे वर्षभरात पुन्हा येतात. वर्षानंतरही गळत राहिले तर मात्र रक्त आणि थायरॉइड तपासून घ्या.

पोटाला पट्टा बांधायची आपल्याकडची रीत जुनी आहे. उठता-बसता त्याचा आधार वाटतो, पण पट्ट्याने चरबी वितळत नाही. तो फार आवळला तर सगळा दाब ओटीपोटाखाली जातो आणि तिथले आधीच ताणलेले स्नायू आणखी ताणले जातात.

लग्नातला ब्लाउज पुन्हा अंगात बसला की मग नवे कपडे शिवू, असं ठरवून कितीतरी जणी वर्षानुवर्षं ढगळ गाऊनमध्ये वावरतात. शिंपी ब्लाउजच्या शिवणीत माया ठेवतो ती उसवायलाच. उसवून घ्या. नाहीच पुरली तर नवा शिवा. आज जे अंग आहे त्याला नीट बसतील असे कपडे घाला, आतले कपडे तर आधी, कारण चुकीच्या मापाच्या ब्रेसियरने खांदे आणि पाठ धरते. आणि घरातला फोटो काढताना 'मी काढते, तुम्ही उभे राहा' म्हणू नका. फोन दुसऱ्याच्या हातात द्या.

शरीर आहे तसं मान्य करणं म्हणजे तब्येतीकडे पाठ फिरवणं नव्हे. आपल्याकडच्या बायकांचा कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या वर गेला की मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका वाढतो, असं डॉक्टर मानतात. गरोदरपणात साखर वाढली होती अशा बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून तिने दर वर्षी साखर तपासलीच पाहिजे. टेप तीन महिन्यांतून एकदा लावा. रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहून दिवस नासवू नका.

सोसायच्या नाहीत अशा गोष्टी

पहिला थकवा. 2019 ते 21 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे लोकलच्या लेडीज डब्यात समोरासमोर बसलेल्या दोघींपैकी एकीच्या. जिना चढताना धाप, बसून उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, संध्याकाळी पोरांवर उगाच ओरडणं, हे 'माझा स्वभावच तसा झालाय' म्हणून सोडून देऊ नका. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असणं म्हणजे पंडुरोग, म्हणजेच ॲनिमिया. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. शौचाला काळं होतं म्हणून पुष्कळ जणी आठवड्यात त्या बंद करतात. तो रंग गोळीचा असतो, घाबरू नका. गोळी आणि चहा यांत दोन तासांचं अंतर ठेवा, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. हिमोग्लोबिन वाढलं तरी अंगातला साठा भरायला पुढे काही महिने लागतात, म्हणून डॉक्टर सांगतील तोवर गोळ्या चालू ठेवा.

दुसरी गोष्ट बायका एकमेकींतही कुजबुजत बोलतात. खोकला, शिंक आली किंवा पोराला उचललं की लघवीचे थेंब जाणं. मग प्रवासात पाणीच प्यायचं नाही, लांबच्या लग्नाला जायचं टाळायचं, काळी साडी नेसायची. हे वयाचं देणं नाही, याच्यावर उपाय आहे. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात ते आवळा, पाच सेकंद धरा, तेवढाच वेळ सैल सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका आणि प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करू नका. बसमध्ये, ऑफिसात, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, कुठेही होतो आणि कोणाला कळत नाही. साधारण तीन महिन्यांत फरक पडतो. अंग बाहेर आल्यासारखं किंवा खाली ओढल्यासारखं वाटत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.

तिसरी पाळी. तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, आठ-आठ दिवस रक्त जाणं याला कारण असतं. थायरॉइड, गर्भपिशवीतल्या गाठी, कधी तांबी. ते शोधा. 'दोन मुलं झाली, आता पिशवी काढून टाका' असं कुणी पहिल्याच भेटीत म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं. कामाचा खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, या धाकात कितीतरी जणींनी तरुणपणीच गर्भपिशव्या काढून घेतल्या होत्या. एवढ्या लहान वयात पिशवी काढली, आणि सोबत अंडाशयही काढलं असेल तर अधिकच, पाळी लवकर जाण्याचे आणि हाडं ठिसूळ होण्याचे त्रास मागे लागतात. शरीर म्हणजे राबायचं साधन, एवढीच समजूत असली की गोष्ट तिथवर जाते.

चौथं मन. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येणं नेहमीचं आहे. दोन आठवड्यांनंतरही बाळाकडे पाहावंसं वाटत नसेल, बाळ झोपलेलं असूनही झोप लागत नसेल, आपण नसतो तर बरं असं वाटत असेल, तर हे नखरे नव्हेत आणि बाहेरची बाधाही नव्हे. तो आजार आहे आणि तो बरा होतो. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, तिथे मराठीत बोलता येतं.

शेवटची गोष्ट दुखत नाही, म्हणूनच राहून जाते. वयाच्या तिशीनंतर स्तनांची आणि गर्भाशयाच्या मुखाची कर्करोगासाठी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. वर सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी केलेल्या देशातल्या बायका 2 टक्केसुद्धा भरल्या नाहीत. गावात असाल तर आशाताईंना विचारा, तपासणी कुठे आणि कोणत्या वारी होते ते त्या सांगतील.

ताटात काय, आणि केव्हा

सगळ्यांची पानं उठल्यावर उरलंसुरलं खायची सवय अजून गेलेली नाही. सासू गेली, वेगळं घर झालं, तरी बाई शेवटचीच बसते. भाजीतला वाटा नवऱ्याला, अंडं मुलाला आणि हिला रस्सा, कालचा भात. सगळ्यांबरोबर बसा आणि आपलं ताट आधी वाढून घ्या. पोळ्या गरमच हव्यात असा ज्याचा हट्ट असेल त्याने तवा सांभाळावा.

रक्तासाठी नुसता गुळाचा खडा पुरत नाही. डाळी, मोड आलेली मटकी, पालेभाजी, अळीव, खात असाल तर मासे-मटण-अंडी, आणि त्यावर लिंबू पिळलेलं. लिंबाने लोह अंगी लागतं, जेवणाबरोबरच्या चहाने अडतं. अळिवाचे लाडू बाळंतिणीला करतात, मग मूल मोठं झालं की कुणी तिच्यासाठी करत नाही. थंडीत स्वतःसाठी करा. अंगावर पाजणाऱ्या बाईला एरवीपेक्षा रोज पाचशेच्या आसपास कॅलरी जास्त लागतात. त्या दिवसांत बारीक होण्याच्या नादाने जेवण तोडू नका, आणि नवरात्राचे नऊ उपासही धरू नका. ज्यांना उपास सोडवत नाही त्यांनी साबुदाण्यावर न भागवता राजगिरा, शेंगदाणे, दही, दूध, फळं घ्यावीत.

वेळ कुठून आणायचा

'स्वतःसाठी वेळ काढा' असं सगळे सांगतात. तो कोणाच्या वाट्यातून काढायचा ते सांगत नाहीत. 2019 मध्ये केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या आणि घरकामाला हात लावणारे पुरुष 97 मिनिटं. मुलांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं करणं यात धरलेलं नाही. पहाटे आणखी अर्धा तास लवकर उठून योगासनं करा, हा सल्ला अशा बाईला देणं म्हणजे तिची झोप कापणं. झोप कापून तब्येत सुधारत नाही.

तेव्हा काम कमी करायचं असेल तर एखादं काम आठवणीसकट दुसऱ्याच्या हाती द्या. मुलांचा डबा नवऱ्याकडे दिला तर भाजी आणण्यापासून डबा धुण्यापर्यंत तो त्याचाच. पहिले पंधरा दिवस पोळ्या नकाशासारख्या होतील, होऊ द्या. दहा वर्षांच्या मुलाला आणि मुलीला, दोघांनाही, कपडे वाळत घालता येतात. आणि ज्या घरात नवरा नाही, परगावी आहे, किंवा आहे पण उठत नाही, तिथल्या बाईने दोन शेजारणींशी बोलून मुलं आळीपाळीने सांभाळावीत. एवढ्याने आठवड्यातले तीन-चार अर्धे तास हाती लागतात. ते भराभर चालायला वापरा, किंवा दार लावून झोपायला. दोन्हींचा उपयोग सारखाच आहे.

मुलींसमोर स्वतःच्या शरीराला नावं ठेवणंही आजपासून थांबवा. 'मी म्हैस झालेय' हे आई रोज म्हणते तेव्हा सातवीतली मुलगी आपल्या पोटाकडे बघायला शिकते. लग्नकार्यात भेटणाऱ्या मावशीला तुम्हाला बदलता येणार नाही, पण तुम्ही स्वतः कुणाची तरी मावशी आहात. भाचीला भेटल्यावर पहिलं वाक्य तिच्या वजनाबद्दल बोलू नका.

आईची तब्येत सांभाळायची ती घर नीट चालावं म्हणून, असं आपल्याला शिकवलं आहे. तेवढ्या आधाराची गरज नाही. हे अंग तुमचं आहे आणि त्याला बरं वाटावं, हे कारण पुरेसं आहे. या आठवड्यात एक करा: हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि आलेले आकडे मुलांच्या लसीकरणाच्या कार्डाशेजारी स्वतःच्या नावाची फाइल करून ठेवा.