पुस्तकें चाळण्याचा अधिकार

पुस्तक विकत घेणें, पुस्तक वाचणें आणि पुस्तक चाळणें या तीन क्रिया वेगवेगळ्या आहेत. पहिलीस पैसा लागतो, दुसरीस वेळ लागतो. तिसरीस मात्र एक मोकळी फळी आणि तिच्यासमोर उभें राहूं देणारा माणूस एवढेंच लागतें. असें असूनही आपल्या भागांतील विद्यार्थ्यांस पहिल्या दोन क्रिया थोड्याफार साधतात, आणि तिसरी, जी सर्वांत स्वस्त, ती बहुतेकांच्या वाट्यास येतच नाहीं. हें कसें घडतें व त्यानें आपली काय हानि होते, याचा विचार येथें करावयाचा आहे.

रेणापूर हें तालुक्याचें गांव. रेणा नदी जवळून वाहते, नवरात्रांत रेणुकादेवीच्या दर्शनास माणसें लोटतात, बाजारांत संसाराला लागणारें सर्व कांहीं मिळतें. पण तालुक्याच्या गांवीं पुस्तकांचें दुकान म्हणजे बहुधा काय असतें, हें वाचकांस सांगावयास नको. पुढें आडवें टेबल, टेबलापलीकडे दुकानदार, आणि त्याच्या पाठीशीं वह्या, कंपासपेट्या, गाइडें व प्रश्नसंच. गिऱ्हाइकानें नांव उच्चारावयाचें आणि दुकानदारानें वस्तु पुढें ठेवावयाची. किराणा दुकानांत पावशेर गूळ मागावा तसा हा व्यवहार. लातुरास गेलें तर दुकानें मोठीं लागतात. परंतु 'लातूर पॅटर्न'ची कीर्ति जसजशी वाढली, तसतशी दर्शनी जागा प्रवेशपरीक्षांच्या जाड पुस्तकांनीं व्यापली. चरित्रें, इतिहास, कथाकादंबऱ्या यांनीं आंतल्या अंधाऱ्या बाजूस राहावें हें ओघानेंच आलें. त्या जाड पुस्तकांचा मी द्वेष करीत नाहीं. ज्याला डॉक्टर व्हावयाचें आहे त्यानें तीं अवश्य घ्यावींत. माझें म्हणणें इतकेंच, कीं ज्याला आपणांस काय हवें तें आधींच ठाऊक आहे त्यानेंच दुकानांत पाऊल टाकावें, अशी ही व्यवस्था आहे. आणि पंधरा वर्षांच्या मुलास नेमकें तेंच ठाऊक नसतें. तें कळावें म्हणूनच तर फळीपुढें उभें राहावयाचें.

आतां फळीपुढें उभें राहिल्यानें काय होतें, तें एका उदाहरणानें सांगतों. कल्पना करा, कीं प्रवासवर्णनांच्या फळीवर 'माझा प्रवास' आणि 'यमुनापर्यटन' हीं दोन पुस्तकें कोणी शेजारीं शेजारीं लावलीं आहेत. लावणाऱ्यानें नांवें पाहिलीं, आंत पाहिलें नाहीं; तरीहि त्याचे आपल्यावर उपकारच आहेत. पहिलें उघडावें तों वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेनें उत्तर हिंदुस्थानांत जाण्यास निघालेले दिसतात, आणि पाहतां पाहतां १८५७ च्या धामधुमींत सांपडतात. झांशीस वेढा पडला तेव्हां हे भटजी शहरांतच होते. गरीब भिक्षुकानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलें तें युद्ध चिंतामण विनायक वैद्य यांनीं १९०७ सालीं छापून प्रसिद्ध केलें. शेजारचें पुस्तक बाबा पदमनजींचें. त्यांतील यमुना पतीबरोबर प्रवास करते खरी, परंतु वाटेंत तिला भेटतात त्या विधवा. त्यांच्या हकीकती वाचतां वाचतां ध्यानांत येतें, कीं पर्यटन हें केवळ निमित्त होतें. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून परीक्षेसाठीं जिचें नांव आपण पाठ करतों ती हीच. (पाठ करणारांपैकीं किती जणांनीं ती हातांत धरली असेल, हा प्रश्न मी विचारीत नाहीं.) आणि ती प्रसिद्ध झाली तें सालहि १८५७. एकाच वर्षाचीं हीं दोन चित्रें: एकांत तोफा, दुसऱ्यांत घराच्या अंधाऱ्या खोलींतील वैधव्य. त्या एका वर्षीं देशांत काय काय चाललें होतें, हें इतिहासाच्या धड्यानें मला इतक्या लख्खपणें कधींच सांगितलें नाहीं. आणि हें सांगण्याचें श्रेय लेखकांइतकेंच त्या फळीलाहि आहे.

हल्लीं मोबाइलवर पुस्तकाचें नांव टाकलें म्हणजे तें चारसहा दिवसांत दारीं येतें. खेड्यापाड्यांतील वाचकास ही सोय लहान नव्हे, व तिची थट्टा करणें शहरांतल्यांनाच शोभेल. पण तेथें मागावें तें मिळतें, आणि न मागतां मिळतें तें बहुधा इतरांनीं पुष्कळ मागितलेलें. अगदीं खालच्या फळीवर, वांकून पाहिल्याशिवाय न दिसणारें, पाठीवरील नांव पुसट झालेलें पुस्तक तेथें कोण दाखवील? तें काढावें, धूळ फुंकावी, मधलेंच पान उघडावें, दोन वाक्यें वाचावीं, परत ठेवावें. चार पावलें पुढें जावें, आणि त्या दोन वाक्यांनीं माघारीं ओढून आणावें. हें सुख ज्यानें घेतलें नाहीं त्याला तें शब्दांनीं पटवून देणें कठीण आहे.

पण त्यासाठीं दुकानदारानें उभें राहूं द्यावें लागतें. मुंबईंत टी. एन्. शानभाग यांनीं १९४८ सालीं 'स्ट्रँड बुक स्टॉल' सुरू केला. त्यामागची हकीकत अशी सांगतात, कीं तरुणपणीं एका बड्या दुकानांत पुस्तकें पाहात असतां त्यांचा अपमान झाला, आणि जेथें कोणासहि मनसोक्त पुस्तकें हाताळतां येतील असें दुकान आपण काढावयाचें, असें त्यांनीं मनाशीं ठरविलें. २००३ सालीं सरकारनें त्यांना पद्मश्री दिली. तें दुकान २०१८ सालीं बंद झालें, तेव्हां मुंबईकरांनीं केलेली हळहळ ही नुसत्या विक्रीच्या जागेसाठीं नव्हती.

कोणी म्हणेल, हा तर सुखवस्तु लोकांचा शोक. यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें उदाहरण पुरेसें आहे. १९१३ सालीं सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. हाताशीं पैसा बेताचा. तरी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडून त्यांनीं सुमारें दोन हजार ग्रंथ जमविले, असें त्यांचे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. १९१७ सालीं स्वदेशीं परततांना ग्रंथ वेगळ्या बोटीनें पाठविले होते. ती बोट पाणबुडीनें बुडविली. पुढें याच पुरुषानें दादरला 'राजगृह' बांधलें तें ग्रंथांना जागा हवी म्हणून. आणि शिष्यवृत्ति देणारे सयाजीराव तरी कोण? १९१० सालीं विल्यम बोर्डेन या अमेरिकन तज्ज्ञास बोलावून ज्यांनीं बडोद्यास ग्रंथालयांचें जाळें उभारलें आणि खेडोपाडीं पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठविल्या, तेच हे. ज्या गांवांत दुकान नाहीं तेथें फळीच चालत जावी, ही ती योजना.

आपल्या मराठवाड्यास तर हें निराळें सांगावयास नको. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी पुस्तक टिकलें तें लोकांनीं पदरमोड करून चालविलेल्या वाचनालयांच्या आश्रयानें, आणि त्याच वाचनालयांतून पुढें राजकीय जागृतीहि झाली. नंतर हैद्राबाद राज्यानें १९५५ सालीं व महाराष्ट्रानें १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, अनुदानें आलीं, अ, ब, क, ड असे वर्ग पडले. पण कपाटाचें कुलूप कोणत्याहि कायद्यानें निघालें नाहीं. अजूनहि पुष्कळ ठिकाणीं वाचकानें नोंदवहींत नांव शोधावें, ग्रंथपालानें किल्ली लावावी आणि मागितलें तेवढेंच पुस्तक बाहेर यावें, अशी रीति आहे. म्हणजे दुकानांत टेबल आडवें येतें, आणि ग्रंथालयांत कांच.

ग्रंथपालाची बाजूहि ऐकली पाहिजे. पुस्तक हरवलें तर जाब त्यालाच द्यावा लागतो; पगार तुटपुंजा; मुलांचे हात मळके. लंडनच्या क्लर्कनवेल भागांत १८९४ सालीं जेम्स डफ ब्राऊन यांनीं वाचकांस प्रथम फळ्यांपर्यंत जाऊं दिलें, तेव्हां तेथेंहि चोरीचें भय दाखविणारे थोडे नव्हते. आपल्याकडे रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडलीं. प्रत्येक वाचकास त्याचें पुस्तक भेटावें आणि प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक, असा त्यांतील दोहोंचा आशय. बंद कपाटांत यांपैकीं पहिलें कसेंबसें साधेल, दुसरें कधींच नाहीं. वर्षांतून पांचदहा पुस्तकें जातील. जावोत. कुलुपाच्या आंत कसर व वाळवी यांनीं खाल्लेल्या पुस्तकांची मोजदाद कोणी मागत नाहीं, म्हणून तीं गेलीं नाहींत असें समजावयाचें काय?

शिफारस करण्याची विद्याहि येथेंच शिकतां येते, व ती आपल्यांत फार कमी आहे. 'छान आहे, वाच' ही शिफारस नव्हे. असें सर्वच पुस्तकांविषयीं सर्वांस सांगतां येतें. ज्यानें फळ्या धुंडाळल्या आहेत त्याला पुस्तकहि ठाऊक असतें आणि समोरचा मनुष्यहि दिसतो. जिची आजी म्हातारपणीं सही करावयास शिकली, त्या मुलीस लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' द्यावींत. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या बाईनें १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांत प्रसिद्ध केलेलें हें आत्मचरित्र त्या मुलीस आजीकडे नव्या दृष्टीनें पाहावयास लावील. मिशनच्या शाळांतून हें पुस्तक बक्षीस म्हणून देण्याजोगें आहे खरें, पण बक्षिसाचीं पुस्तकें बहुधा रंगीत कागदांतून बाहेरच येत नाहींत! ज्याच्या घरीं मेंढरें आहेत त्याला व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची 'बनगरवाडी' पुढें करावी, आणि गप्प बसावें.

महाबळेश्वर-पांचगणीच्या वाटेवरील भिलार गांवीं ४ मे २०१७ पासून पंचवीस ठिकाणीं, घरांच्या पडव्यांतून व देवळांतून, पुस्तकांच्या उघड्या फळ्या मांडल्या आहेत. कोणीहि यावें, बसावें, वाचावें. त्याला सरकारचें पाठबळ मिळालें. आपणांस तेवढेंहि लागणार नाहीं. माझी सूचना अशी, कीं दर शनिवारीं सकाळची शाळा सुटण्यापूर्वीं एक तास कपाटें उघडून पुस्तकें व्हरांड्यांत सतरंजीवर मांडावींत, आणि नोंदवही बाजूस ठेवून मुलांस तीं चाळूं द्यावींत. नेण्याची सक्ति नको, निबंधाची तर मुळींच नको. ज्याला एखादें आवडेल त्यानें एका चिठ्ठीवर पानाचा आंकडा आणि तें कोणास आवडेल त्याचें वर्णन दोन ओळींत लिहून चिठ्ठी पुस्तकांतच ठेवावी. पुढच्या वाचकास ती सांपडेल. आरंभास चरित्रांचें व प्रवासाचें अशीं दोन कपाटें पुरेत. परीक्षांच्या पुस्तकांचें तिसरें कपाट तूर्त बंदच राहूं द्यावें. त्याची किल्ली मागा, असें कोणास सांगावें लागत नाहीं.