रायफल लाखांची, निगा कवडीची

११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने ७००.५ गुणांसह भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले, हे आज शाळकरी मुलेही सांगतात. त्या अंतिम फेरीच्या तोंडावर काय घडले, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. ‘अ शॉट ॲट हिस्टरी’ या आत्मकथनात बिंद्राने ते लिहिले आहे. प्राथमिक फेरी आटोपून तो अंतिम फेरीसाठी उभा राहिला, सरावाची पहिली फैर झाडली आणि छर्रा केंद्रापासून भलताच दूर गेला. रायफलची दर्शिका हललेली होती. ती कोणी हलविली की आपोआप हलली, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. हाताशी असलेल्या मोजक्या वेळात त्याने दोष ओळखला, दर्शिका जुळवली आणि मग दहा फैरींत इतिहास घडविला. दोष नेमबाजाचा नसून यंत्राचा आहे, हे काही क्षणांत ओळखण्याइतके आपल्या रायफलचे ज्ञान त्याच्यापाशी होते. या घटनेतील खरे मर्म तेथे आहे.

पुढे २०१६ साली रिओत याच बिंद्राची रायफल स्पर्धेच्या दिवशी सकाळी कोसळली आणि दर्शिका तुटली. दुसरी बसवून तो लढला, अंतिम फेरीत तिसऱ्या स्थानासाठीच्या बरोबरीत मागे पडला आणि पदकाविना परतला. २०२१ साली टोकियोत मनू भाकरच्या एअर पिस्तुलाने ऐन प्राथमिक फेरीत दगा दिला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, उरलेल्या वेळात घाईने फैरी पुऱ्या कराव्या लागल्या आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. त्यानंतर आपल्याकडे तिच्यावर जी टीका झाली, ती आठवली तर आजही मान खाली जाते. २०२४ साली पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदके मिळवून त्या टीकेला उत्तर दिले, ही गोष्ट वेगळी.

ही उदाहरणे जगातील अव्वल नेमबाजांची आहेत. त्यांच्या दिमतीला प्रशिक्षक असतात, सुटे भाग असतात, जर्मनीतील कारखान्याशी थेट संपर्क असतो. आता दृष्टी जरा आपल्या घराकडे वळवू. अंजली भागवत यांनी २००० साली सिडनीत अंतिम फेरी गाठली, सुमा शिरूर यांनी २००४ साली अथेन्समध्ये. तेव्हापासून महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत या खेळाने पाय रोवले. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरो येथे एअर रायफलमध्ये जगज्जेतेपद मिळविल्यावर तर पालकांची रीघच लागली. बालेवाडी, वरळी, पनवेल येथील रेंजवर आणि आता तालुक्याच्या गावांतही मुले-मुली उभी दिसतात. या वर्गातील रायफलीला परवाना लागत नाही, त्यामुळे तिकडून अडचण नाही. अडचण पैशाची. उत्तम प्रतीची जर्मन किंवा ऑस्ट्रियन रायफल घ्यायची तर काही लाखांची तजवीज करावी लागते. भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढणारे वडील आणि दागिना मोडणारी आई या खेळात आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत.

रायफल घरी येते. पहिले वर्ष गुण वाढतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते अडतात किंवा घसरू लागतात. प्रशिक्षक म्हणतात, एकाग्रता कमी पडते. पालक म्हणतात, अभ्यासाचा ताण आहे. मूल स्वतःशीच म्हणते, माझ्यातच काही उणे आहे. आणि कोणीतरी जाणकार हळूच सुचवितो की अमुक कंपनीचे नवे मॉडेल घ्या. या चौघांपैकी एकानेही रायफल तपासलेली नसते! महाग वस्तू बिघडत नाही, ही आपली एक भाबडी समजूत आहे. वास्तविक जितकी अचूकता अधिक, तितकी ती टिकविण्याची मेहनत अधिक.

अचूकता म्हणजे नेमके किती, हे आकड्यांत पाहिले तर डोळे उघडतात. दहा मीटरवरील लक्ष्याच्या मध्यभागी दहा गुणांचा जो ठिपका असतो, त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. गुण आता दशांशात मोजले जातात आणि एक दशांश म्हणजे पाव मिलिमीटर. साठ फैरींच्या प्राथमिक फेरीत प्रत्येक फैरीमागे सरासरी एक दशांश जरी हरपला तरी सहा गुण जातात, आणि सहा गुणांनी नेमबाज यादीच्या वरच्या टोकावरून थेट मध्यावर येऊन पडतो. पूर्वी प्राथमिक फेरीत पूर्णांकांत गुण मिळत, तेव्हा रायफलीची लहानसहान खोड झाकली जात असे. २०१३ पासून ती सोय संपली.

या रायफली संकुचित हवेवर चालतात. नळीखालच्या सिलिंडरमध्ये साधारण दोनशे बार दाबाने हवा भरलेली असते. तो प्रचंड दाब एक रेग्युलेटर उतरवून, प्रत्येक फैरीला सारखी मापून, पुढे सोडतो. साऱ्या यंत्राचे हृदय ते हेच. छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सुटतो. त्या वेगात तीन मीटरची घट झाली तर दहा मीटरवर तो सुमारे अर्धा मिलिमीटर खाली आदळतो, म्हणजे दोन दशांशांचा फटका. रेग्युलेटरमधील रबरी कडी झिजली, त्यात कण अडकला, की दाब हळूहळू सरकू लागतो. लागोपाठच्या फैरी ठीक जातात, पण नेमबाज विसाव्यासाठी थांबला की पुढची पहिली फैर वेगळीच जाते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, विश्रांतीनंतर मुलाचे लक्ष उडाले.

आपल्या हवेचा विचार तर कोणी करीतच नाही. ही यंत्रे बनतात उल्म आणि ओबर्नडॉर्फ येथे; वापरली जातात मुंबई-पनवेलच्या दमट किनाऱ्यावर. कॉम्प्रेसरला ओलावा गाळणारी सोय नसेल तर हवेबरोबर पाणी सिलिंडरमध्ये शिरते, आतून गंज धरतो, वायसर फुगतात. शिवाय सिलिंडरला आयुष्यमर्यादा असते. दहा वर्षांनंतर तो स्पर्धेत चालत नाही, आणि दोनशे बार दाबाचा जुना सिलिंडर ही घरात ठेवण्याजोगी वस्तूही नव्हे. त्यावर तारीख कोरलेली असते. जुनी रायफल विकत घेताना दस्त्याची लकाकी पाहणारे पालक पुष्कळ, ती तारीख वाचणारे थोडे.

छऱ्यांची कथा याहून मनोरंजक आहे. अर्ध्या ग्रॅमच्या या शिशाच्या तुकड्याचा डोक्याकडील व्यास ४.४८ ते ४.५२ मिलिमीटर अशा बारीक फरकांत मिळतो आणि प्रत्येक नळीची आवड निराळी असते. एकाच मॉडेलच्या दोन रायफली शेजारी ठेवल्या तरी एकीला जे मानवते ते दुसरीला मानवेलच असे नाही. म्हणून परदेशी नेमबाज रायफल शिकंज्यात घट्ट बसवून निरनिराळ्या उत्पादन-गटांचे छर्रे झाडून पाहतात आणि जो गट सर्वांत लहान पुंजका देईल त्याचाच वर्षभराचा साठा करतात. आपल्याकडे दुकानात असतील ते डबे घेतले जातात. डब्यावरचे नाव तेच असले म्हणजे झाले! तीन लाखांच्या नळीतून न पारखलेला छर्रा झाडायचा, हा प्रकार म्हणजे तानपुऱ्याला सुतळीच्या तारा लावून गायकाला बेसूर म्हणण्यासारखा आहे.

उरलेले दोष क्षुल्लक आणि म्हणूनच घातक. दस्त्याचा स्क्रू सैल होणे, दर्शिकेचा पाया हलणे, इलेक्ट्रॉनिक चापाची बॅटरी मंदावणे, प्रवासात पेटी आपटणे. पाना घेऊन दहा मिनिटे दिली तर यांतील निम्मे सापडतात. खंडेनवमीला आपण रायफलीची पूजा करतो, हळदकुंकू वाहतो, छायाचित्र काढतो. (कुंकवाचा कण नळीत गेला तर काय होते, हे रेंजवरच्या कोणालाही विचारावे.) पूर्वजांनी या दिवशी शस्त्रे बाहेर काढली ती घासायला, धार लावायला, मुठी आवळायला. पूजनाचा तो भाग आपण सोयीस्करपणे गाळला.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक वाईट फेरीचे खापर रायफलीवर फोडणारेही आहेत, आणि ते अधिक नुकसान करतात. अनुभवी प्रशिक्षक सांगतात की बहुतेक वेळा चूक उभे राहण्यात, श्वासात वा चाप ओढण्यातच असते. छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंतचे काही सहस्रांश सेकंद रायफल स्थिर राहिली नाही तर जगातील कोणतीही कंपनी ते भरून देऊ शकत नाही. प्रश्न इतकाच की दोष कोणाचा, हे ठरविणार कसे? वादाने नव्हे, मोजणीने. शिकंज्यातील दहा फैरी आणि वेगमापकावरील वीस नोंदी यांतून तासाभरात उत्तर मिळते. यंत्र निर्दोष ठरले तर मुलाला निमूटपणे मेहनतीला लागता येते. सदोष ठरले तर त्याच्या मनातील संशयाचे विष उतरते. पंधरा वर्षांच्या मुलीला वर्षभर ‘तुझे लक्ष नाही’ असे ऐकवायचे आणि नंतर कधीतरी कळायचे की वायसर फाटला होता, हा अन्याय आहे.

सुसज्ज लोखंडी शिकंजा आणि वेगमापक यांची किंमत रायफलीच्या तुलनेत नगण्य. तरीही बहुसंख्य क्लबांत भिंतीवर चषकांची कपाटे असतात आणि ही दोन साधने नसतात. त्याहून मोठी उणीव माणसाची. रायफल उघडून, वायसर बदलून, दाब पुन्हा जुळवून देणारा प्रशिक्षित आर्मरर एखाद्या मोठ्या केंद्रात भेटतो. जिल्ह्याच्या मुलाला रायफल कुरिअरने पाठवून आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते आणि तोवर स्पर्धा होऊन जाते. राज्य संघटनेने दरवर्षी चार-सहा जिल्ह्यांत तपासणी शिबिर भरविले तरी पुष्कळ काम होईल.

आणि हे काम आपल्या हाताबाहेरचे मुळीच नाही. पुणे, कोल्हापूर, नाशिक येथील यंत्रशाळांत मायक्रॉनच्या भाषेत बोलणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. खोल छिद्रे पाडण्याची यंत्रे बनविणाऱ्या महाराष्ट्रातील प्रिसिहोल या उद्योगाने एअर रायफली बाजारात आणल्याच आहेत. त्या आज उल्मच्या रायफलींच्या बरोबरीला येत नाहीत, पण शिकाऊ मुलाला पहिली दोन वर्षे त्यांवर निश्चित काढता येतील आणि पालकांचे लाखभर रुपये वाचतील. त्या वाचलेल्या रकमेचा काही वाटा दहा-वीस कुटुंबांनी एकत्र केला, तर आय.टी.आय. झालेल्या एखाद्या होतकरू तरुणाला सहा महिने जर्मनीतील कारखान्यात दुरुस्तीचे शिक्षण घेण्यासाठी पाठविता येईल.