पोरखेळ म्हणे!

१९८७ साली एपिक्स कंपनीने काढलेल्या ‘कॅलिफोर्निया गेम्स’मधली बीएमएक्स सायकल मी चाळिशी उलटल्यावरही दामटतो. याला पोरखेळ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. उंचवट्यावरून उडी घेऊन हवेत कसरत केली तर गुण, आपटलो तर वेळ वाया. धोका पत्करायचा किती, हा हिशोब पोरकट कसा?

एपिक्सचं १९८९ मध्ये दिवाळं निघालं. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के बाजारात मिळत नाहीत, असं २०२३ च्या एका पाहणीत आढळलं. असे गेम टिकले ते मुख्यतः हौशी लोकांमुळे. आणि चोर कोण, तर तेच!

जत्रेतल्या नाटकांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या म्हणून आपण हळहळतो ना? मग इथे वाळवीची बाजू का घेता?